ओ न देणारं घर

सोमवार

पिटुकले,

आशीर्वाद नेहमीचेच, पण सध्या राखून ठेवले आहेत.

पोस्ट बंद आहे. चौकातली पत्रपेटी पाण्यात बुडाली, तिचं नुसतं डोकं वर दिसतं. म्हणजे हे पत्र तुला मिळणार नाही, आणि मिळणारच नाही म्हटल्यावर आपली अटही मोडत नाही. आधी कुणी बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं. लिहून पिशवीत ठेवायचं नाही, असं कुठे ठरलं होतं? तुझे अहो म्हणतील, म्हातारी कायद्यावर बोट ठेवते. ठेवते. नोकरीत सगळा जन्म तेच केलं.

शनिवारी पाणी रस्त्यावर आलं आणि संध्याकाळपर्यंत खालच्या छापखान्यात शिरलं. कागदाचे गठ्ठे फुगून दाराला असे चिकटून बसलेत की आता छापखान्याच्या मालकालाही आत जाता येणार नाही. पहिल्या मजल्यावरचं जोडपं आधीच बायकोच्या माहेरी निघून गेलं. जाताना ती विचारत होती, आजी, तुम्ही कुठे जाणार? मी म्हटलं, वर. दुसऱ्या मजल्यावर. तिला विनोद कळला नाही.

तर आता अख्ख्या इमारतीत मी एकटी. बरं वाटतंय खरं सांगायचं तर. जिन्यात कुणाच्या चपला नाहीत, कुणाचा रेडिओ नाही, सकाळी कुणी दार आपटत नाही. पाणी फक्त समोरच्या अंगाला आहे. मागचा रस्ता उंच, तिथे जेमतेम घोटाभर. मागच्या जिन्याने मी उतरते आणि चढते. हो, त्याच मुरगळलेल्या पायाने. तुला काय वाटलं, मी खाटेला खिळून असेन?

फोनही बंद आहे. तार पाण्यात गेली असणार. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू मनात म्हणशील, ताई फोनपाशी वाट बघत बसली असेल. बंद फोनची वाट कोण बघतं?

ताई

मंगळवार

पिटुकले,

आज पाव आणायला बाहेर पडले आणि नोकरी करून परत आले.

टेकाडावरच्या शाळेत मदत केंद्र उघडलंय. खालच्या वर्गांत घर सोडून आलेली माणसं, वर मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन फोन. पाव तिथे मिळतो म्हणून गेले, तर दोन्ही फोन कोकलत होते आणि खोलीत एकच गृहस्थ. त्यांनी एक रिसीव्हर खांद्यात दाबला होता, दुसरा हातात धरून ओरडत होते, आणि दोन्हीकडच्या माणसांना वाटत होतं आपल्याशीच बोलताहेत. मला राहवेना. वाजता फोन समोर असला की माझे हात शिवशिवतात, तुला माहीत आहे. सरळ गेले, त्यांच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला आणि म्हटलं, "मदत केंद्र. बोला."

ते गृहस्थ गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या शिकवणीच्या तिन्ही गाड्या पाण्याखाली आहेत, म्हणून इथे आलो म्हणाले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते एवढं त्यांना सांगितलं, तेव्हापासून मी टेलिफोनवाल्या बाई. नाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पत्ता तर नाहीच. आपण मदत करणारे, आपला पत्ता कशाला हवा?

काम साधं आहे. दुपारी होड्या गल्ल्यांमधून फिरतात. प्रत्येक इमारतीखाली थांबून हाक मारतात. वरून कुणी ओ दिली की दूध, पाव, औषध जे हवं ते बादलीत घालायचं, वरचे दोरीने ओढून घेतात. ज्यांची माणसं लांब आहेत ते आम्हाला फोन करतात, अमक्या गल्लीत माझे वडील आहेत, तमक्या घरात मावशी आहे, जरा बघा. होडीवाले संध्याकाळी येऊन मास्तरांना सांगतात, कुणी ओ दिली आणि कुणी नाही. मग आम्ही फोन करणाऱ्याला कळवायचं. इकडचं तिकडे जोडायचं, म्हणजे माझं जुनंच काम, फक्त तारा नाहीत.

मी सकाळी जाते आणि अंधार पडायच्या आत परत येते. संध्याकाळचे फोन मास्तर घेतात. त्यांना घरी जायची घाई नाही, घरात पाणी आहे.

परत आल्यावर मात्र जिना जरा जास्तच मोठा वाटला. दमले असेन.

ताई

गुरुवार

पिटुकले,

आज मास्तरांनी मला दटावलं. मला! वरच्या साहेबांनीही कधी जी हिंमत केली नाही, ती ह्यांनी केली.

झालं असं. एका बाईने वडिलांची चौकशी केली. मी म्हटलं, "थांबा, सांगते," आणि मास्तरांना विचारायला मान वळवली. परत रिसीव्हर कानाला लावते तर ती हुंदके देत होती. मी म्हटलं, अहो, वडील तुमचे ठणठणीत आहेत, काल दोन बादल्या पाव ओढून घेतला त्यांनी. तरी तिचं रडणं थांबेना. मग म्हणाली, तुमचा आवाज ऐकून मला वाटलं, सगळं संपलं.

मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही बरं सांगता की वाईट, काही कळत नाही. आवाजात थोडी साखर घाला."

साखर कुठून आणू? आम्हाला तेच शिकवलं होतं. कुणाकडे बाळ झालं, कुणाचं माणूस गेलं, दोन्ही निरोप एकाच आवाजात जोडून द्यायचे. आपण मधे यायचं नाही. माझा तो आवाज तू कधी ऐकलेलाच नाहीस. तुला एक्स्चेंजमध्ये आणायला परवानगी नव्हती, आणि घरी आले की तो मी दाराबाहेर काढून ठेवायचे. आई गेल्यावर तुला जेवायला घालायला, वेण्या घालायला, पाढे म्हणून घ्यायला तो आवाज कामाचा नव्हता.

बाकी फोन करणारे एकेक नग आहेत. एक बँकवाले दिवसातून पुन्हा पुन्हा फोन करतात, गच्चीवरच्या झाडांना कुणी पाणी घातलं का म्हणून. पुरात! एक जण रोज भावाची चौकशी करतो आणि वर सांगतो, मी विचारलं म्हणून सांगू नका हं, आमचं बोलणं नाही. मी म्हटलं, नाही सांगणार. रिसीव्हर ठेवला आणि उगाचच खिडकीकडे बघत बसले.

एक सांगू? ह्या गावात इतके हट्टी म्हातारे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे कुणी ना कुणी आहे. एक नातू, एक सून, एक जुना भाडेकरू. कुणीतरी रडकुंडीला येऊन विचारतंच, त्यांनी ओ दिली का?

छापखान्यावरच्या घराची चौकशी अजून माझ्या फोनवर आलेली नाही. मी सहज लक्ष ठेवते, एवढंच.

ताई

शुक्रवार

पिटुकले,

सकाळी तुझ्या शहराकडून फोन आला. लांबच्या लाइनीला एक खरखर असते, ती मी झोपेतही ओळखीन. माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मदत केंद्र. बोला," म्हणताना पहिल्यांदाच आवाज चिरकला. ते कुणी औषधांचे व्यापारी होते, गोळ्यांची खोकी कुठे उतरवायची विचारत होते. मी त्यांना इतकं तोडून बोलले की शेवटी तेच मला सॉरी म्हणाले.

तेव्हा आता खोटं बोलणं पुरे. पत्र जाणारच नाहीये, मग कुणापुढे मिरवू?

सेवा वगैरे सगळं ठीक आहे. मी तिथे जाते कारण तिथला फोन चालू आहे. वर्तमानपत्रात आपल्या गावाचं चित्र आलंय, मास्तरांनी दाखवलं. आपला चौक आहे, पाण्यातली ती पेटी आहे. तू ते पाहिलं नसशील असं होणार नाही, तुझे अहो सकाळी पेपरखेरीज दुसरं काही बघत नाहीत. मग म्हटलं, घरचा बंद असला तरी केंद्राचा नंबर पेपरातच छापलाय. विचारायचं तर विचारता येईल.

रोज संध्याकाळी घरी आले की पहिल्यांदा आपल्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावते. आत काही नसतं. समुद्राचा, वाऱ्याचा, कसलाच आवाज नाही. बंद लाइनीची एक वाईट खोड असते, ती आम्हा एक्स्चेंजवाल्यांनाच ठाऊक. इकडे फोन मुका असतो आणि तिकडे, करणाऱ्याला, घंटा वाजत असल्यासारखी ऐकू येते. त्याला वाटतं, वाजतोय, पण उचलत नाहीत. तू केला असशील का गं? तुला घंटा ऐकू आली असेल आणि वाटलं असेल की ताई फोनकडे बघत बसली आहे आणि मुद्दाम उचलत नाही?

की केलाच नसशील. तू शब्दाची पक्की आहेस, माझ्याच हाताखाली वाढलीस. माझा पाय मुरगळला म्हणून आलीस, घासून पुसून घर लख्ख केलंस, आणि घरमालकाला परस्पर भेटून खोल्या सोडायचं ठरवून आलीस. मला तुझ्याकडे न्यायला. तुझ्या घरात ती मागची खोली, खिडकीत माझी खुर्ची, सगळं तू ठरवलं होतंस, फक्त मला विचारायचं राहिलं. मी म्हटलं, मी सामान नाही. तू जिन्यात उभी राहून म्हणालीस, "ह्यापुढे मी फोन करणार नाही. गरज वाटली तर तू कर." मी म्हटलं, वाट बघ.

त्या बोलण्याबद्दल मला अजूनही राग आहे, बरं का. तो काही पुरात वाहून गेलेला नाही. पण रागाला घरात ठेवून माणूस बाहेर जाऊ शकतं, आणि परत आल्यावर तो एकटाच दार उघडायला असतो, हे मला ह्या आठवड्यात कळलं.

मागच्या बाजूला मेणबत्ती लावून बसले आहे. पुढच्या खोलीत जात नाही. तिथून फक्त पाणी दिसतं. मला फार एकटं वाटतंय, पिटुकले. हे वाक्य लिहायला पान संपत आलं.

ताई

रविवार

पिटुकले,

काल काय झालं ते तुझ्या बाजूने तुला माहीत आहे. माझ्या बाजूने माहीत नाही. उद्या पोस्ट सुरू होतंय म्हणतात. आधीची सगळी पत्रं ह्याच पाकिटात घालते आहे. नीट क्रमाने वाच, नाहीतर तुझी सवय, शेवटचं पान आधी.

काल संध्याकाळी मी छत्री घेऊन निघाले होते. मास्तर दारात आडवे आले. म्हणाले, बाई, आज थोडं थांबाल का? आणि हे ते हळू आवाजात म्हणाले. त्या माणसाला हळू आवाज आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मला खुर्चीवर बसवून त्यांनी दार लोटून घेतलं.

म्हणाले, एक घर आहे. होडी रोज जाते, खालून पोरं घसा फोडून हाका मारतात, वरून ओ येत नाही. खिडकीत दिवा नाही, दोरी नाही, माणूस नाही. आज सगळ्यांनी मिळून ठरवलंय, उद्या सकाळी शिडी लावायची आणि दार तोडायचं. त्या घरात एक म्हातारी एकटी राहते. अशक्त आहे, पाय अधू आहे, जिना उतरत नाही. तिची बहीण लांब असते. रोज संध्याकाळी फोन करते. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, गेल्या असतील कुणाकडे. तर ती म्हणाली, ती कुठे जाणार? तिला माझ्याशिवाय कुणी नाही. त्यानंतर मला खरं सांगवेना. रोज सांगतो, उद्या बघतो, उद्या नक्की कळेल. बाई, मला आता आशा वाटत नाही. आज तिला मनाची तयारी करा असं सांगायला हवं, आणि ते माझ्याने होणार नाही. तुमचा आवाज सरळ असतो. तुम्ही सांगाल?

मी विचारलं, कुठलं घर?

"छापखान्याच्या वर. दुसरा मजला."

पिटुकले, आता नीट ऐक. होडी दुपारी जाते. मी सकाळी मागच्या जिन्याने उतरून शाळेत येते, दुसऱ्यांच्या माणसांनी ओ दिली की नाही ते सांगायला. आणि माझ्या दाराखाली पोरं हाका मारून मारून परत जात होती. सगळ्या गावात ओ न देणारं एक घर, ते माझं. मी इथे रुसून बसले होते की कुणी विचारत नाही. तू तिकडे रोज विचारत होतीस, आणि मास्तर रोज तुला सांगत होते, उद्या बघू.

आधी मला संताप आला. अशक्त काय, अधू काय! रोज घोटाभर पाण्यातून टेकाड चढते मी. मास्तरांना हे सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. मास्तर दोन पावलं मागे सरकले. माझा हात आपोआप गेला.

"मदत केंद्र. बोला."

लांबची खरखर. आणि तू. तुझा आवाज किती म्हातारा झालाय गं. म्हणालीस, मास्तरांना द्या ना, त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, मास्तर कामात आहेत, मी सांगते. तू म्हणालीस, छापखान्याच्या वरचं घर, आज तरी काही कळलं का?

मी म्हटलं, "त्या सुखरूप आहेत."

तू म्हणालीस, कुणी पाहिलं? मी म्हटलं, मी पाहिलं. तर तू रागावलीस. म्हणालीस, "खोटा धीर देऊ नका हो. मी घरी फोन लावते, घंटा वाजत राहते आणि ती उचलत नाही. माझ्यावर कितीही रागावली असली तरी वाजता फोन तिला सोडवत नाही. ती जिवंत असती तर तिने उचलला असता."

तुला सांगते, त्या क्षणी मी जिंकले होते. आधी फोन तू केला होतास. एकदा नाही, रोज. मी नुसतं म्हणायचं होतं, अहो, त्यांची लाइन बिघडली आहे, पाणी उतरलं की सुरू होईल, त्या उत्तम आहेत. तुझा जीव भांड्यात पडला असता, माझी मान वर राहिली असती, आणि आपली अट जशीच्या तशी राहिली असती. तुला कधीही कळलं नसतं की मी बोलत होते. सगळं माझ्या हातात होतं आणि मला ते नकोसं झालं. जिंकून मी कुठे जाणार होते? त्या जिन्याने वर.

तू म्हणत होतीस, "मला तिचा आवाज ऐकवा. नुसता आवाज. तिला बोलायचं नसेल तर मला शिव्या घालू दे, पण ऐकवा."

जन्मभर मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. माझं स्वतःचं कुणी जोडून द्यायला तिथे नव्हतं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, त्यांना वाटत होतं मी ती वाईट बातमी कशी सांगावी ह्याचा विचार करते आहे.

मग मला जे येतं तेच केलं. म्हटलं, "लाइन ठेवा. जोडून देते."

रिसीव्हरच्या तोंडावर तळहात ठेवला. किती वेळ ठेवला मला सांगता येणार नाही. एक खोल श्वास घेतला. घशात काही नसताना माणूस घसा कशाला खाकरतं कोण जाणे, तो खाकरला. मास्तर म्हणाले, "अहो, कुणाला जोडताय? तिथे कुणी नाही." मी हात काढला.

म्हटलं, "पिटुकले, ताई बोलतेय."

तिकडे काहीच नाही. खरखर तेवढी. मला वाटलं, तुटली लाइन. मग तुझा श्वास ऐकू आला, लहानपणी रडून झाल्यावर तुझा अडकायचा तसा. आणि तू म्हणालीस, "किती वेळ लावलास गं जोडायला."

तुझी,
ताई